नोटाला पडलेलं एक मत

आमच्या वार्डात नोटाला एकच मत पडलं होतं, आणि ते माझं होतं. उमेदवार माझी माय होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मला चांगली पोरगी समजायच्या भानगडीत तुम्ही पडणार नाही.

माय सरपंच होती. आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं, टेम्पोनं अर्ध्या तासावर. बचत गटातून वर आलेली बाई. गटाच्या बैठकीत ती खणखणीत बोलायची, म्हणून बायांनीच तिला उभी केली. ती वार्डातून निवडून आली, सरपंच झाली, आणि पाच वर्षं आमच्या घरातलं चहाचं पातेलं काही चुलीवरून उतरलं नाही. शाळेत सर मला जरा जपून ओरडायचे. बाकी सरपंचाची पोर असण्याचा फायदा म्हणाल तर शून्य.

ती पहिल्यांदा निवडून आली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्या दिवशीची मिरवणूक मला आवाजाशिवायच आठवते. थंडीतली पिवळी दुपार, तुरी वाळायला लागलेल्या. पॅनेलवाल्यांनी पोत्यानं गुलाल आणला होता आणि आमच्या गल्लीतल्या पोरांनी नीळ. दोन्ही हवेत मिसळलं आणि सगळं गाव जांभळं झालं. माय उघड्या जीपमध्ये उभी होती, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसेना. लय सुंदर दिसत होती. मी तिच्याकडं बघत चालत होते, पायाखाली बघितलंच नाही.

कुणी ढकललं नाही, कुणाचा दोष नाही. फटाक्यांची माळ फुटली, गर्दी मागं सरली आणि मी खाली गेले. वेणीवर कुणाचा तरी पाय, छातीवर गुडघा. ओरडायला तोंड उघडलं की गुलाल आत. मग एकदम दुखायचं थांबलं. वर नुसते पाय, पायांच्या वर जांभळं आभाळ, आणि त्या आभाळात माय. मी पाण्याच्या तळाशी निजलेय आणि माय काठावर उभी राहून दुसऱ्याच कुणाकडं तरी बघून हसतेय, असं वाटलं. आपण मरायलोय हे मला स्वच्छ कळलं होतं, भीती वाटली नाही. भीती नंतर आली, आणि मग ती गेलीच नाही.

मला ओढून काढलं शेजारच्या मावशीनं. सख्खी नव्हे, भिंतीला भिंत म्हणून मावशी. तिनं कोपरानं माणसं बाजूला केली, तोंडानं शिव्यांचा पट्टा सोडला आणि मला खांद्यावर टाकून तिच्या न्हाणीत नेलं. बादलीमागून बादली ओतली तरी मोरीतून पाणी गुलाबीच जायचं. "रड की गं बया, रड एकदाची," ती म्हणत होती. मला रडू येईना. मी आपली त्या पाण्याकडं बघत बसले.

संध्याकाळी माय घरी आली तेव्हा अंगणात तीसेक माणसं होती. मावशीनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगी पायाखाली आली होती." मायचा आवाज पार बसलेला. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, "लागलं का गं? बरं हाय ना आता?" मी मान हलवली. तेवढ्यात कुणीतरी सरपंचबाई म्हणून हाक मारली आणि ती वळली. तिचा तो पहिलाच दिवस, तिला तरी काय बोलायचं. पण मला राग आला होता. खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

पुढची पाच वर्षं मी अर्धीमुर्धी त्या पाण्याखालीच काढली. गल्लीतून वरात निघाली, बँड वाजायला लागला की माझा श्वास अडायचा, हातपाय गार पडायचे. मग मी कापसाच्या खोलीत जायचे. वेचणीच्या दिवसांत आमची मागची खोली छताला टेकेल इतकी भरलेली असायची. त्या ढिगात मानेपर्यंत शिरून बसलं की बँड कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या गावात वाजल्यासारखा व्हायचा. खिडकीतून उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात कापसाचे तंतू सावकाश तरंगत राहायचे. मी ते मोजायला लागायचे आणि मोजता मोजता झोपून जायचे. बाहेर लोक म्हणायचे, सरपंचाची पोर लय लाजाळू हाय. कसली आलीय लाजाळू!

खरं काय ते एकट्या मावशीला माहीत होतं. बँड वाजला की ती मेथीची जुडी घेऊन त्या खोलीत यायची आणि निवडत बसायची. त्या दिवसाचा विषय तिनं एकदाही काढला नाही. बोलायची ते फक्त नालीबद्दल. "तुझ्या मायनं साऱ्या गावाच्या नाल्या बांधल्या, माझ्या दारातली तेवढी इसरली. या बारीला मी कुणालाच देणार न्हाई बघ, ते खालचं बटण दाबते." हे ती मलाच नाही, नळावर दहा बायांच्या देखत म्हणायची. माय ऐकून हसायची.

दुसरी निवडणूक लागली तेव्हा मला अठरा पूर्ण झाली होती. बाबा मतदारयादी घेऊन ओसरीवर बसायचे. आपल्या मतावर बरोबरची खूण, विरोधातल्यावर फुली, बेभरवशाच्या नावाभोवती गोल. माझ्या नावावर त्यांनी सगळ्यात आधी खूण केली आणि कौतुकानं मला दाखवली. मावशीच्या नावापुढं पण बरोबरच केलं, म्हणाले, "ती तोंडाची फाटकी हाय, मनाची न्हाई."

माय हरावी असं मला वाटत नव्हतं, शप्पथ. निकालाचा दिवसच येऊ नये असं वाटत होतं. पण असं आईला कसं सांगायचं? ती दिवसभर दारोदार फिरून यायची, टाचा भेगाळलेल्या, आणि मी तिच्या पायाला तेल चोळताना आज सांगू, उद्या सांगू करत राहायचे.

मतदान आमच्याच शाळेत, सातवीच्या वर्गात. आत गेले, वार्डातल्या बाकीच्या दोन जागांची बटणं दाबली. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो. मायच्या जागेची फिकी गुलाबी होती. तिचं नाव, तिची कपबशी, सगळं गुलाबीवर. मी बोट तिच्या बटणावर नेलं आणि मला तोंडात चव लागली. गुलालाची. वर्ग हळूहळू भरायला लागला, कुठून पाणी येतंय कळेना. टेबलापाशी बसलेल्या मतदान अधिकारी बाई म्हणाल्या, "झालं का हो?" माझं बोट खाली खाली सरकत गेलं, शेवटच्या बटणापर्यंत. वरीलपैकी कोणीही नाही. लांब शिटी वाजली आणि मला एकदम मोकळा श्वास आला. बाहेर उन्हात येऊन मी बोटावरची शाई बघत हसले पण, बेशरम.

मोजणी तहसीलला झाली. मायला आणि समोरच्या पॅनेलच्या बाईला, दोघींना सारखी मतं. मग चिठ्ठी टाकतात. तिथल्याच कुणाची तरी दोन वेण्यांची चिमुरडी उभी केली, तिनं डब्यात हात घातला आणि समोरच्या बाईचं नाव निघालं. माय सगळ्यांच्या आधी उठली आणि म्हणाली, "त्या लेकराला बिस्किटाचा पुडा द्या कुणीतरी, घाबरलंय ते." बाबांनी घरी येऊन हे सांगितलं आणि मग खिशातून निकालाचा कागद काढला. खाली लिहिलं होतं, नोटा एक.

झालं. सारा वार्ड त्या एकाच्या मागं लागला. समोरच्यांचं मत असतं तर कुणी काही बोललं नसतं, ज्याची त्याची मर्जी. पण हे कुणालाच नाही दिलेलं मत! ते मायला दिलं असतं तर चिठ्ठीच पडली नसती. बाबांनी यादी उघडली आणि मावशीच्या नावाभोवती गोल काढला. दहा बायांनी तिचं बोलणं कानानं ऐकलं होतं, आणखी पुरावा कशाला पाहिजे?

मावशी आमच्या दारात आली. "माझ्या लेकराची आण घेते, मी कपबशीच दाबली," म्हणाली. माय शांतपणे म्हणाली, "जाऊ द्या, झालं ते झालं." इतक्या वर्षांत तिनं मावशीला पहिल्यांदा अहोजाहो केलं. मी दारामागं उभी होते, तोंडातून शब्द फुटला नाही. आठ दिवस फुटला नाही. बचत गटात मावशीजवळ कुणी बसेना, नळावर तिचा हंडा शेवटी. मी रोज ते बघायचे आणि जेवायचे, झोपायचे. माणूस किती वाईट होऊ शकतं ते मला त्या आठ दिवसांत कळलं.

बाजारच्या दिवशी ताडकळसला जायला सकाळी टेम्पो असतो. मागं बाया दाटीनं बसतात, मावशीची जागा कायम मायच्या शेजारी. त्या दिवशी मी आणि माय आधीच बसलो होतो. मावशी आली, पिशवी आत टाकली, एक पाय वर ठेवला. कुणी सरकलं नाही. भांडण नाही, टोमणा नाही, फक्त कुणी सरकलं नाही. माय सुद्धा. मावशीनं पाय खाली घेतला, पिशवी उचलली. "मी जाते चालत, ऊन कवळं हाय," म्हणाली.

टेम्पो निघाला. ती धुळीत मागं मागं जात होती, पदर नाकाला लावून, रस्त्याच्या कडंकडंनं. मी मायच्या कानाला तोंड लावलं.

"माय, ते नोटा मी दाबलं."

टेम्पोच्या आवाजात तिला कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले. मग सगळंच बाहेर आलं, पाच वर्षांचं. "तू जितलीस की पुन्हा ती मिरवणूक निघंल, मी पुन्हा खाली जाईन असं वाटायचं. मी मरायले होते गं त्या दिवशी. तू वर होतीस, हसायली होतीस."

बाकी कुणाला ऐकू गेलं नव्हतं. तिनं ते गिळलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पाच वर्षांनी तिला पुन्हा उभं राहायचं होतं, तसं ती बाबांना बोललीही होती. घरचंच मत नव्हतं हे बाहेर फुटलं की संपलं, हे राजकारण तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग उठून ड्रायव्हरच्या पाठीमागची काच बडवायला लागली. "थांबव रे! थांबव म्हणते ना!"

माय खाली उतरली, मागोमाग मी. मावशी येऊन पोचेपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. मायनं तिचा हात धरला आणि टेम्पोतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते नोटा माझ्या पोरीचं हाय. मी तुझ्यावर आळ घेतला. माझं चुकलं."

मावशीनं माझ्याकडं बघितलं आणि तिचे डोळे भरून आले, तिला कारण विचारायची गरजच नव्हती. मायनं मग खालच्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी किती वेळ पडली होती ही?"

"लोकं तुला हार घालायले होते," मावशी म्हणाली. "ते संपस्तोवर."

माय रस्त्याच्या कडंला मटकन खाली बसली. मी कधी तिला रडताना बघितलं नव्हतं, हरली त्या दिवशीही नाही. मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला जवळ ओढलं. टेम्पोतून एकजण खाली वाकली. "अवं, घरातल्या पोरीनंच मत न्हाई दिलं म्हणल्यावर पुढच्या बारीला कोण इचारणार तुमाला?"

मायनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

"पुढच्या बारीला पैलं हिच्या दारात जाईन मत मागायला," ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "ही देते म्हणली, तरच फॉर्म भरीन."