कझिन की ब्रदर

तीस वर्षं लातुरात इंग्रजी शिकवताना मी एक काम मात्र न चुकता केलं. 'कझिन ब्रदर' म्हणणाऱ्याला भर वर्गात उभं केलं. "एक तर कझिन म्हणा, नाहीतर ब्रदर. सख्खा तो ब्रदर, चुलत-मावस सगळे कझिन." लग्नाच्या पंगतीतही मी हेच सुनावायचो. त्यामुळे माझ्या शेजारी बसायला कुणी फारसं धजत नसे.

मागच्या वर्षी कामासाठी नांदेडला गेलो आणि पोटात अशी कळ उठली की थेट दवाखान्यात. अपेंडिक्स, ऑपरेशन लगेच. बायको पुण्याला, लेकीच्या बाळंतपणात. लोह्याहून माझा चुलतभाऊ मिळेल ती जीप धरून आला. शेतकरी माणूस, सातवीपर्यंत शिकलेला. संमतीच्या फॉर्मवर 'पेशंटशी नातं' या रकान्यात त्यानं सावकाश, एकेक अक्षर जुळवत इंग्रजीत 'ब्रदर' लिहिलं.

मी स्ट्रेचरवर आडवा, घामानं भिजलेला. तरी फॉर्म मागून घेतला, ब्रदरवर काट मारली आणि वर कझिन लिहिलं. मार्क द्यायचे तेवढे राहिले.

"खोडलास कामून?" त्यानं विचारलं.

"तू चुलत आहेस. इंग्रजीत त्याला कझिन म्हणतात." कण्हत कण्हत मी तास घेतला.

त्यानं पेन झाकण लावून खिशात ठेवलं. सही राहिली. आत डॉक्टर तयार होते, नर्स दारात ताटकळत होती.

"अप्पा गेले तवा तू परगावी पेपर तपासून राहिला व्हतास," तो हळूच म्हणाला. अप्पा म्हणजे माझे वडील. "तू दुसऱ्या दिवशी आलास. अग्नी म्या दिला, डोस्कं म्या भादरलं. तवा कुणी इचारलं न्हाई, ह्यो सख्खा का चुलत म्हून."

हे त्यानं आजवर कधी काढलं नव्हतं, आणि मीही कधी त्याचे आभार मानले नव्हते.

"सर, खाडाखोड चालत नाही," काउंटरवरचा कारकून म्हणाला. "दुसरा फॉर्म भरा."

दुसऱ्या फॉर्मवर 'ब्रदर' मी स्वतः लिहिलं. फॉर्म भावापुढे धरला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. नर्स म्हणाली, "फार दुखतंय का?" मी हो म्हणालो. खरं तर तेव्हा मला फक्त लाज वाटत होती. भावानं खिशातून पेन काढलं आणि सही केली.