चौथे कडवे

माझ्या एका गाण्याविषयी या शहरात तीन कथा प्रचलित आहेत. पहिली अशी की, ते कात्रजच्या बाजूच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर म्हणत आल्या. दुसरी, ते मी रचले खरे, पण राजीखुशीने संगीतकाराला देऊन टाकले. तिसरी सांगणारे जरा सभ्य आहेत. ते म्हणतात, आता या वयात कशाला उकरून काढायचे? पहिल्या दोन कथा खोट्या आहेत आणि तिसऱ्या सल्ल्याची मला गरज नाही.

गाणे झाले कसबा पेठेत, संगीतकाराच्या माडीवर. तो माझा शाळेपासूनचा मित्र. चाल आधी, शब्द नंतर, अशी आमची रीत होती. तो पेटीवर ओळ वाजवीत असे आणि मी तिच्या मापाचे शब्द बसवीत असे. विहिरीवर एकटीच पाणी शेंदणारी बाई रहाटाशी बोलते, असे ते गाणे. घाट जुन्या ओवीचा मी मुद्दाम घेतला होता, आणि तो मला साधला. इतका साधला की लोक फसले.

जुन्या कवींच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या, म्हणजे चौथ्या कडव्यात मी माझे टोपणनाव गुंफले. मित्र इतका खूश झाला की त्या कडव्यापुरती त्याने चालच बदलली.

"तुझं नाव येतं ना, तिथं ठेका थांबवायचा," तो म्हणाला. "नाव कसं एकटं चालत आलं पाहिजे."

"आणि तुझं?"

"माझं तबकडीवर छापतात. तू आपला आत बस."

ध्वनिमुद्रण मुंबईला झाले. मी नोकरदार माणूस, रजा मिळाली नाही. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. परत आल्यावर तो म्हणाला, "चौथं गाळावं लागलं रे."

"मग माझं नाव?"

"लेबलवर येणारच की. तिथं काय कुणी घड्याळ लावून बसलंय?"

तबकडी हाती आली. संगीत या शब्दापुढे त्याचे नाव होते. गीत या शब्दापुढे छापले होते: पारंपरिक.

या धंद्याची माहिती नसलेल्यांसाठी सांगतो. कवी हयात असेल तर कंपनीला त्याची लेखी संमती घ्यावी लागे आणि विक्रीतला वाटा त्याच्यासाठी काढावा लागे. गीत पारंपरिक ठरले की कवी उरतच नाही; संमती नको, वाटा नको, आणि असे रत्न शोधून काढल्याचा मान आपोआप संगीतकाराकडे जातो. लेबलचा मजकूर कंपनीला कळवणारा तोच होता. मी जाब विचारला तेव्हा कंपनीची चूक झाली म्हणाला. पुढच्या खेपेला दुरुस्त होईल म्हणाला. पुढच्या खेपा निघाल्या, त्यानंतर कॅसेट निघाली. शब्द तोच राहिला.

विश्रांतवाडीच्या एका लग्नात एका बाईंनी मलाच ते म्हणून दाखवले. मी म्हणालो, हे माझे आहे. त्या हसल्या. "अहो, आमच्या आजीचं आहे ते. आपण पेठेतले, आपल्याला कसं माहीत असणार?"

मग त्याच्या पंचाहत्तरीचा सत्कार झाला. कात्रजची कथा त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली. रहाटाचे गाणे जात्यावर का म्हणावे, असे सभागृहातल्या एकाही विद्वानाला विचारावेसे वाटले नाही. गायिकेने तीन कडवी म्हटली, साथीला पेटीवर तो स्वतः होता. तिसरे संपताच मी जागेवरून उठलो आणि चौथे सुरू केले.

आवाज फुटका होता, सूर शाबूत होता. आणि पेटी वळली. जे कडवे कधी ध्वनिमुद्रित झाले नाही, कधी कुठे छापले गेले नाही, त्याच कडव्याची ती वेगळी चाल तो बिनचूक वाजवू लागला. नाव येण्यापूर्वी त्याने भाता सोडला आणि डावा हात वर करून तबलजीला थांबवले. माझे नाव एकटे चालत आले.

मला वाटले, संपले; आता तो बोलेल.

तो बोलला. ध्वनिक्षेपक जवळ ओढून म्हणाला, "वा. आपण छान भर घातलीत. लोकगीताचं हेच तर वैभव, येणारा जाणारा आपलं एक कडवं जोडून जातो."

टाळ्या पडल्या. उभ्या आयुष्यात त्याने मला 'आपण' म्हटले ते त्या दिवशी.

हल्ली गायक चारही कडवी म्हणतात. नावापाशी ठेका थांबतो, श्रोते मान डोलावतात. लोकगीतांच्या एका नव्या संग्रहात त्या नावाखाली तळटीप आहे: या कवीविषयी माहिती उपलब्ध नाही. संपादक माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. प्रस्तावनेत त्यांनी माहिती तपासून दिल्याबद्दल संगीतकाराचे आभार मानले आहेत.