धार वर केलेली कुऱ्हाड

मंडळी, आज सकाळी आमचं लाकडं फोडायचं जुगाड एकदाचं तयार झालं.

आंघोळीचं पाणी आमच्याकडे अजून चुलीवरच तापतं. आई लाकूड पायानं दाबून वरून कुऱ्हाड घालते, ते पाहून घाव तिच्या पायावर बसेल अशी भीती वाटायची. म्हणून मी विळीची, म्हणजे आमच्या पावशीची, नक्कल केली. कुऱ्हाडीचं जुनं पातं धार वर करून ओंडक्यात पक्कं बसवलं, वर लोखंडी कडं लावलं. कड्यात लाकूड उभं करायचं, हात काढायचा आणि हातोड्यानं ठोकायचं.

आईनं बाभळीचे दोन तुकडे बसल्याबसल्या फोडले. मग पात्याकडे पाहत राहिली.

"बापू, काम झाल्यावर हे आडवं कसं करा लागते?"

"ते आडवं नाही होत, आई."

"मंग, पावशी कधी उभी सोडतो का आपण?"

तिनं गोठ्यातलं फुटकं घमेलं आणून पात्यावर पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि पाणी तापवायला गेली.

आठवडाभर मी लाकूड फोडतानाचाच विचार केला होता. फोडून झाल्यानंतरचा तिनं केला.

तुमच्या घरी काही नवं बनवलं की असा प्रश्न कोण विचारतं?