नमुन्याबाहेरचे मासे

“साहेब, मी मोजतो ते विकायचे मासे, खायचे कोण मोजणार?” असं फूटपट्टी एकदा कार्यालयात म्हणाला होता. साहेबांनी त्याला चहा पाजला. अडचणीच्या प्रश्नांना ते चहाच पाजत.

एकोणीस वर्षं हा माणूस धक्क्यावर उकिडवा बसून मासे मोजतोय. लाकडी फळी, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा. तोंड इकडे, शेपूट तिकडे, आकडा तक्त्यात. मत्स्य कार्यालयाने दिलेलं पद लांबलचक आहे. लोक फूटपट्टी म्हणतात आणि तोही ओ देतो. बायको म्हणते, “अहो, समुद्रातल्या सगळ्यांची लांबी पाठ, आणि घरच्या पडद्याचं माप विचारलं की आढ्याकडे बघता.”

गोम अशी, की होडी धक्क्याला लागायच्या आधीच निवड होते. मोठे मासे टोपलीत, बारके घरच्या चुलीवर. फळीवर येते ती टोपली. जाळ्यात बारकेच जास्त यायला लागले, तशा टोपल्या कमी झाल्या. पण तक्त्यात रकाना लांबीचा होता, टोपल्यांचा नव्हता. त्यामुळे कागदावर मासा वर्षानुवर्षं धष्टपुष्टच राहिला.

यंदा किनाऱ्यावरची ही छोटी मासेमारी किती टिकाऊ आहे हे ठरवायला एक तज्ज्ञ आले. तीन दिवसांसाठी, त्यातला एक प्रवासात गेला. निकाल हिरवा आला. समुद्र ठणठणीत, तेव्हा आणखी तीस मोठ्या बोटींना परवानगी द्यायला हरकत नाही. फूटपट्टीच्या भावाची होडी वल्ह्यांची. मोठ्या बोटींनी तळ खरवडून नेला की त्याने जाळं टाकायचं कुठे?

अहवालावरच्या बैठकीच्या दिवशी बायकोने डबा हातात दिला. “दाखवा त्यांना, आपण काय खातो ते. आणि तोंड उघडा जरा. भाऊजींच्या पोटाचा प्रश्न आहे.”

त्याने भर बैठकीत डबा उघडला. तळलेले बोटभर मासे, पंधरा-वीस. एक उचलून बरोबर आणलेल्या फळीवर ठेवला.

“सात सेंटिमीटर. अंडी घालायच्या आधीच तव्यावर आलाय, साहेब. घरोघरी रोज हेच. हे हिशेबात धरा, मग रंग बघा.”

तज्ज्ञांनी चष्मा वर सरकवला, मासा न्याहाळला, उचलला आणि तोंडात टाकला.

“वा! वहिनींच्या हाताला चव आहे हं.” दुसरा घेत ते म्हणाले, “पण तळल्यावर मासा आकसतो. हा नमुन्यात बसत नाही.”

“मग उद्या पहाटे होडीवर चला. कच्चे मोजू.”

“उद्या विमान आहे हो माझं.”

डबा टेबलभर फिरला. पुरावा चाटूनपुसून संपल्यावर साहेबांनी अहवाल पुढे सरकवला.

“इथे सही कर. स्थानिक जाणकार म्हणून. तुझ्याच आकड्यांवर उभा आहे सगळा. सही नसली की वरचे उगाच शंका काढतात, परवानग्या अडकतात.”

फूटपट्टीने पेन घेतलं. शेवटच्या पानावरचं आपलं नाव वाचलं, पद वाचलं. मग पेनाला टोपण लावून ते अहवालावर आडवं ठेवलं, फळी काखेत मारली आणि दाराबाहेर पडला.