दगड सरकला ती दुपार

माझी शाळा दुसरीतच सुटली. वाचायला शिकले ती आमच्या ह्यांच्या बोटामागून. रोज उपासनेला हे पवित्र शास्त्र मोठ्यानं वाचायचे, बोट ओळीवरून सरकायचं आणि माझे डोळे त्याच्या मागं. मग ह्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. पुस्तक हातात पेलवेना, तेव्हा म्हणाले, "आता तू वाच. येशूची सगळी गोष्ट. शेवटपर्यंत ऐकायचीय मला."

शेवटपर्यंत! तिथंच माझं घोडं अडलं. मरणाचं पान ह्यांच्यापुढं कसं वाचायचं? क्रूस जवळ आला की मी गुपचूप पानं मागं उलटायची आणि पुन्हा चमत्कार वाचायची.

एका दुपारी, पिंपळगावहून आलेल्या द्राक्षांतला एकच मणी चघळत हे म्हणाले, "अगं, त्या आंधळ्याला ह्या आठवड्यात तिसऱ्यांदा दृष्टी आली. आता जाऊ दे त्याला घरी."

मला हसू आलं आणि रडूही. "अहो, पुढचं नाही वाचवत मला."

"तू मरणापाशी थांबलीस, तर मीही तिथंच अडकेन की! वाच."

वाचलं. क्रूसापाशी एकेक अक्षर बोटानं धरून पुढं गेले, हे डोळे मिटून ऐकत राहिले. मग गोष्टीत त्या बायका आल्या. पहाटे येशूच्या कबरीकडं निघालेल्या, आणि वाटेत एकच घोर, कबरीच्या गुहेच्या तोंडावरचा एवढा मोठा दगड कोण सरकवणार? तरी चालतायत! चर्चमध्ये जन्मभर ऐकलेलं, पण स्वतः अक्षर लावत वाचताना जणू पहिल्यांदाच कळत होतं. पुढची ओळ लागली आणि मी ओरडलेच, "अहो, सरकलाय! दगड सरकलाय हो!"

शेजारची सून पिठाच्या हातानं धावत आली. "आजी, कुठला दगड? कुणाला लागलं?"

हे दुखरं पोट धरून हसत होते. "बस पोरी. कबर रिकामी निघालीय."

"अगंबाई! मग माणूस कुठं गेला?"

"तेच तर वाचतेय!" मी म्हटलं.

शेवटपर्यंत वाचलं, येशू मरणातून जिवंत उठला तिथवर. हे म्हणाले, "आता मला भीती नाही. तुला?"

मी द्राक्षं उचलून आत निघून गेले.

दोन आठवड्यांनी हे गेले. दफनभूमीत मी खूप रडले, खोटं कशाला सांगू. पण चर्चच्या पाळकांनी शास्त्र उघडलं, तसा मी हात पुढं केला. "द्या, मी वाचते." आणि खरं सांगते, दगडाची ओळ आली तेव्हा माझा आवाज त्या दुपारसारखाच चढला. मागं उभी असलेली शेजारची सून रडता रडता हसली.

ह्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं ना माझं.