भूपालच्या वीस ओळी

भूपाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. वहिनी, म्हणजे भूपालची बायको, एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्यांचा हात थांबला." आदल्याच संध्याकाळी गडमुडशिंगीला त्याच्या घरी, उशाशी तासभर बसून आलो होतो, आणि तो हात काय मागत होता ते मला परतीच्या वाटेवर कळलं होतं...

शाहूपुरीत आमचं दोघांचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान. शाईच्या फितीवर सुया ठोकून टिकल्याटिकल्यांनी अक्षर उमटवणारे जुने, कर्कश प्रिंटर. दूध संस्था आणि मालवाहतूकवाले अजून तेच वापरतात, कारण त्यांना एका दमात कार्बनच्या तीन प्रती लागतात. मी गिऱ्हाईक सांभाळायचो, भूपाल यंत्रं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सुरुवातीला एकदा चालू संगणकाला प्रिंटर जोडणारी जाडजूड केबल मी खसकन उपसली आणि आतला भाग जाळून ठेवला. एरवी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा भूपाल त्या दिवशी ओरडला नाही. त्यानं टेबलावर नखानं एकदा टक् केलं.

"सदा, बस हितं. ही नुसती केबल न्हाय, दोघांचं बोलणं हाय. आठ तारांवनं एकदम एक अक्षर येतंय. मग नववी तार टिचकी मारती, 'घे' म्हणून. प्रिंटरच्या हातात काम असलं तर त्यो म्हणतोय, 'थांब.' अक्षर घेतलं की येगळ्या तारंवनं कळवतोय, 'आलं.' त्ये कळल्याबिगर संगणक म्होरलं अक्षर सोडत न्हाय."

"आणि कळवलंच नाही तर?"

"तर थांबतोय की. त्याला कुठं जायचंय?"

हे बोलणं त्याच्या अंगातच भिनलं होतं. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनवर तो एकच वाक्य छापून बघायचा, इंग्रजी अक्षरांत 'आलं का?' वीस ओळी, कायम वीस. मग गिऱ्हाइकाकडे बघून टेबलावर टक् करायचा. समोरचा "आलं" म्हणेपर्यंत मशीन द्यायचा नाही. नवख्या माणसाला तो खुळाच वाटायचा. घरीही तीच तऱ्हा. टक् करून एक गोष्ट सांगायची, आणि समोरून "आलं" ऐकल्याशिवाय दुसरी नाही. वहिनी ताट वाढता वाढता "आलं, आलं" म्हणत असायच्या आणि मी त्यावरून दोघांनाही चिडवायचो.

एका दूध संस्थेचं मशीन तपासताना तो पडला. ओळी पाठवून झाल्या होत्या, पण प्रिंटरचा लाल दिवा लागला. "कागद संपल्याचं सांगायलाबी तार हाय बघ," असं म्हणत तो कागदाचा गठ्ठा आणायला उठला आणि तिथंच कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी मेन स्विच पाडला, दुकानाला कुलूप लावलं आणि त्याला घेऊन दवाखाना गाठला.

पुढं त्याला घरी आणलं. शेवटच्या त्या संध्याकाळी त्याचं डावं नख खाटेच्या लोखंडावर वाजत होतं. टक्... मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. वहिनी म्हणाल्या, "शिरंचा झटका असतोय म्हणं, डॉक्टर म्हणालं." मी मान हलवली आणि बडबडत राहिलो. कसबा बावड्याकडच्या ऊसगाड्या, रस्त्यावरची कोंडी, काय वाट्टेल ते. तो माझ्याकडे एकटक बघत होता. मी उठलो तेव्हाही एक टक् झालं. अर्ध्या वाटेवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, गाडी बाजूला घेतली, आणि मग म्हटलं, उद्या सकाळी जाऊन सांगू. याची लाज मला आजही वाटते. काय सांगायचं होतं त्याला कोण जाणे, पण माझ्या एका 'आलं'साठी तो रात्रभर थांबून राहिला असणार.

तो गेल्यावर पाच आठवड्यांनी, भर दुपारी मी पहिल्यांदाच दुकान उघडलं. दूध संस्थेचा निरोप आला होता, मशीन हवं होतं. मेन स्विच वर केला, संगणक चालू केला, प्रिंटरमध्ये कागद लावला. लाल दिवा विझला आणि मी कशालाही हात न लावता प्रिंटर सुरू झाला. पाठवलेलं पण न पोहोचलेलं संगणक वीज गेली तरी आपल्याजवळ राखून ठेवतो, हे एवढ्या वर्षांत मलाही ठाऊक झालं होतं.

आलं का?

आलं का?

ओळीमागून ओळ येत होती. दोन ओळींच्या मधे सुयांचं डोकं डाव्या कडेला येऊन आपटत होतं, आणि तो आवाज खाटेच्या लोखंडावरचा होता. मशीन बंद करायला मी हात पुढे केला, पण तो बटणापर्यंत जाईना. शेवटी रिकाम्या दुकानात मी मोठ्यानं म्हणालो, "आलं रं भूपाल... आलं."

प्रिंटर थांबला.

बऱ्याच वेळानं मी ओळी मोजल्या. अकरा होत्या. केबल सैल झाली असंल, असं भूपालच म्हणाला असता, आणि बहुधा तसंच असेल. दूध संस्थेला मी दुसरं मशीन देऊन टाकलं. हे तिथंच आहे, कागदासकट, त्याच्या टेबलावर. रोज जाता-येता ती केबल दिसते, पण मी तिला अजून हात लावलेला नाही.