करंगळीची खात्री

"खाली हाय म्हनून सांगू नका, दाखवा."

हत्यार रिकामं आहे म्हणत ते जमा करायला कोणीही आलं की आमचे हवालदार मामा हे म्हणायचे आणि पायाजवळची रेतीची बादली पुढे सरकवायचे.

रिसोडकडच्या आमच्या ठाण्यात हत्यारांची खोली त्यांच्याकडे होती, मी त्यांच्या हाताखाली. पिस्तुलाचं तोंड रेतीकडे, बोट घोड्यापासून दूर. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग वरची स्लाइड मागे ओढून अडकवायची. क्रम उलटला तर मॅगझिनमधली गोळी नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये जाऊन बसते आणि माणूस समजतो, खाली आहे. शेवटी मामा वाकून आत बघायचे आणि करंगळी चेंबरमध्ये घालायचे. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. कानात घालावी तशी घालायचे.

"डोये फसवतात बाई. बोट नाही."

निवडणुकीत परवान्याची पिस्तुलं जमा होतात. एक व्यापारी म्हणाला, "घरूनच तपासून आनलं, हवालदार."

"ते तुमचं झालं. आता माहं."

साहेबही सुटले नाहीत. "मामा, माझ्यावर भरोसा नाही का?"

"हाय ना साहेब. रेतीकडे करा."

मामांना साखरेचा आजार होता. चष्म्याचा नंबर वाढत गेला, तरी ते बोटावर निभावून नेत. मी वर कळवलं नाही. निवृत्तीला सात महिने होते आणि त्या खुर्चीपलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. मग एक दिवस चहाचा वाफाळता ग्लास त्यांनी अख्ख्या पंजात धरला. मला तो कडेलाही धरवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी माझं पिस्तूल मॅगझिन काढून, स्लाइड अडकवून त्यांच्या हाती दिलं. चेंबरमध्ये सरावाची, बिनदारूची गोळी मुद्दाम ठेवली होती. मामा वाकले. करंगळी घातली.

"खाली हाय."

मी गोळी काढून टेबलावर ठेवली.

"साहेबाले सांगतलं?"

"नाही."

"मंग आत्ताच जा. उद्यावर कायले? उद्या कोनी खरी घेऊन येईन."

मी गेले. साहेबांनी मामांना समन्सच्या टेबलावर बसवलं. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

निवृत्तीनंतर मी त्यांच्या गावी, कामरगावला भेटायला गेले, तेव्हा पायाची जखम चिघळून ते खाटेला लागले होते. त्यांनी माझी करंगळी धरून दाबली.

"लागते?"

"लागतं, मामा."

"मंग खुर्ची तुमची."

दिवाळीआधी मामा गेले.

काल एक जण म्हणाला, "मॅडम, खाली आहे." मी बादली पुढे सरकवली. चेंबरची कडा करंगळीला गार लागली. लागली, याची मी दोनदा खात्री करून घेतली.